एकवीस गिअर आणि दांडेकर पूल

सायकलच्या जाहिरातीत रस्ता का नसतो, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला आहे. डोंगर असतो. चिखल असतो. ओढा असतो, त्यातून पाणी उडवत जाणारा एक मुलगा असतो, आणि त्याची सायकल बहुतेक वेळा जमिनीवर नसतेच, हवेत असते. मुलींची सायकल असली तर बाग असते, फुगे असतात, पुढच्या टोपलीत कुत्र्याचं पिल्लू असतं. पण सकाळी साडेनऊला दांडेकर पुलाच्या चौकात, एका बाजूला पीएमटी (आमच्या तोंडी अजून पीएमटीच, पीएमपीएमएल म्हणायला जीभ वळत नाही) आणि दुसऱ्या बाजूला टेम्पो, मधल्या हातभर जागेत एक पाय टेकवून सिग्नलची वाट बघणारी मुलगी मी आजवर एकाही जाहिरातीत पाहिलेली नाही. आणि पुण्यात सायकल घेणाऱ्या बहुतेकांना जायचं असतं ते तिथूनच.

आत्ताच हा विषय निघायचं कारण असं की गेल्या दोन-तीन महिन्यांत मला दोघांनी सायकलीबद्दल सल्ला विचारला. एक माझा भाचा, सॅन होजेचा. त्याने तीन सायकलींची चित्रं पाठवली आणि "मावशी, लेकीसाठी यातली कुठली घेऊ?" असं विचारलं. (अरे, मी इथे बसून तुला तिथली सायकल काय सांगू? पण विचारलंस, बरं वाटलं.) दुसऱ्या आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी. त्यांची मोठी मुलगी दहावी झाली, टिळक रोडच्या बाजूच्या एका कॉलेजात तिला अकरावीला प्रवेश मिळाला. राहायला वडगाव बुद्रुक. म्हणजे एका बाजूने सात-आठ किलोमीटर. भिशीचे आठ हजार रुपये हाताशी होते. बसचा पास काढायचा की सायकल घ्यायची, असा विचार चालू होता.

मुलीचा विचार मात्र झालेला होता. तिने मोबाइलवर एक सायकल पसंतही करून ठेवली होती. एकवीस गिअर, पुढे शॉकर, मागे शॉकर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, टायर माझ्या मनगटाएवढे जाड. किंमत साडेतेरा हजार. वरचे साडेपाच हजार हप्त्याने. माझ्या भाच्याला साडेपाच हजार म्हणजे एका संध्याकाळचं बाहेरचं जेवण असेल. मावशींना ते एका घरच्या दोन महिन्यांच्या पोळ्या.

"बाई, तुम्ही जन्मभर सायकल चालवलीत, तुम्हीच तिला सांगा," असं म्हणून मावशी मोकळ्या झाल्या.

जन्मभर चालवली हे खरं आहे. मी पाचवीत असताना आमच्या वाड्याच्या कोपऱ्यावर भाड्याने सायकली देणारं दुकान होतं. पंधरा पैसे तास. दुकानदार वहीत नाव लिहून घ्यायचा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवायचा. त्या दुकानात पंचवीसेक सायकली असतील, आणि त्यातली एकही दुसरीसारखी नव्हती. एकीची सीट डुगडुगायची, एकीचं हँडल डावीकडे ओढायचं, एक मात्र अशी होती की पॅडलवर पाय ठेवला की आपणहून निघायची. सतरा नंबरची. ती मिळावी म्हणून आम्ही रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभे राहायचो. आज विचार करते तेव्हा वाटतं, सायकल म्हणजे काय, ती अंगाला बसते म्हणजे काय, हे आम्हाला कोणी समजावून सांगितलंच नाही. पंचवीस निरनिराळ्या सायकली पंधरा-पंधरा पैशांनी चालवून पाहिल्यावर सांगायची गरज राहत नाही.

१९७२ साली नोकरी लागली आणि मी स्वतःची लेडीज सायकल घेतली. मधे दांडी नाही, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी, चेनला पूर्ण कव्हर, कॅरिअर, डबल स्टँड. तिच्यावर मी पुढे बत्तीस वर्षं शाळेत गेले. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत तिचं 'ओव्हरऑइलिंग' व्हायचं. (मूळ शब्द ओव्हरहॉलिंग आहे हे मला मराठीची शिक्षिका असूनही फार उशिरा कळलं. पण तेल तर घालतातच ना, मग काय बिघडलं!)

त्या काळीही जाहिराती होत्या बरं का. रॅलेची जाहिरात 'संपूर्ण पोलादी सायकल' अशी असायची. आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता, मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ साली निघालेली टी. आय. सायकल्स हर्क्युलिस आणि पुढे बीएसए, फिलिप्स बनवत होती, सोनिपतला १९५१ पासून ॲटलस, लुधियान्याला १९५६ पासून हीरो. प्रत्येकाचं म्हणणं आमचीच मजबूत. पण त्यातला दावा तरी तपासण्यासारखा होता. पोलाद आहे की नाही, दहा वर्षं टिकते की नाही, हे शेजाऱ्याच्या सायकलीकडे बघून कळायचं. आणि अख्खं पुणे सायकलवर असल्यामुळे शेजारी भरपूर होते. सायकलींचं शहर म्हणतात ते उगीच नाही. पुढे १९७२ मध्ये इथल्याच कायनेटिकची लूना आली, मग स्कूटरी आल्या, आणि बघता बघता विचारायला शेजारीच उरला नाही. मला वाटतं खरी अडचण तिथे सुरू झाली. दहा घरांत दहा सायकली होत्या तेव्हा जाहिरातीला फारसं काम नव्हतं. सायकल चालवणारा एकही माणूस ओळखीचा नसला की मग चित्रावर विश्वास ठेवण्यावाचून दुसरं काय करणार?

आता त्या एकवीस गिअरांकडे वळते. मी इतिहास आणि मराठी शिकवत असे, गणित नाही. पण दाते मोजता येतात, भागाकार येतो. अशा सायकलीला पुढे तीन चक्रं असतात, साधारण ४८, ३८ आणि २८ दात्यांची. मागे सात, १४, १६, १८, २०, २२, २४ आणि २८ दात्यांची. तीन साते एकवीस, म्हणून एकवीस गिअर. पुढचे दाते भागिले मागचे दाते केले की पॅडलच्या एका फेरीत मागचं चाक किती वेळा फिरतं ते कळतं. आता ४८ ला २४ ने भागा, उत्तर दोन. २८ ला १४ ने भागा, उत्तर पुन्हा दोन! म्हणजे हे दोन गिअर नाहीत, एकच गिअर आहे, जाहिरातीत मात्र दोनदा मोजलेला. मी दुपारभर बसून वहीत एकवीसच्या एकवीस भागाकार केले. ज्यांच्यात पायाला फरक कळणार नाही असे जवळजवळचे आकडे एकत्र धरले तर उरतात तेराच. शिवाय पुढचं सर्वांत मोठं चक्र आणि मागचंही सर्वांत मोठं, किंवा दोन्ही सर्वांत लहान, अशी जोडी लावली की चेन तिरकी ओढली जाते, आवाज करते, लवकर झिजते. ते वापरू नयेत असं कुठलाही सायकलवाला सांगेल. आमच्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे ४४ आणि मागे १८ दाते असायचे. भागाकार २.४४. म्हणजे आजच्या एकवीसांतला मधलाच एक. बाकीचे वीस नव्हते म्हणून पुणं काही थांबलं नव्हतं.

गिअर वाईट असतात असं मी म्हणत नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतले स्पर्धक बोरघाट चढतात, 'घाटाचा राजा' होण्यासाठी जीव काढतात, त्यांना विचारा गिअर कशाला असतात ते. गंमत म्हणजे टूर द फ्रान्सचा जनक आंरी देग्रांज हा गिअर बदलण्याच्या यंत्राच्या अगदी विरोधात होता. ते वय झालेल्यांनी वापरावं अशा मताचा. १९३७ सालापर्यंत त्या शर्यतीत ते वापरायला परवानगीच नव्हती. तोवर स्पर्धक डोंगराच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढायचे आणि उलटं बसवायचे, कारण दुसऱ्या बाजूला वेगळ्या दात्यांचं चक्र असायचं. म्हणजे नव्याला हसणं हीही फार जुनी रीत आहे. हवेच्या टायरचंही तेच झालं. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉयड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी ते टायर केले तेव्हा लोक त्या जाड, गुबगुबीत चाकांना हसले. पुढच्याच वर्षी विली ह्यूम नावाचा गडी ते टायर लावून बेलफास्टच्या शर्यतीत उतरला आणि त्याने सगळ्यांना मागे टाकलं. मग हसणं बंद झालं. तिथे कोणाच्या मताने निकाल लागला नाही, चाक फिरवून लागला.

आणि ही जाड टायरची सायकल तरी कुठून आली? १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात, भाच्या, तुझ्याच राज्यात, माउंट तमालपाइस नावाचा डोंगर आहे. तिथली काही पोरं भंगारातल्या जुन्या, जाड टायरच्या, धिप्पाड सायकली घेऊन मातीच्या वाटेने डोंगरावरून खाली सुटायची. उतरता उतरता मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि प्रत्येक खेपेनंतर ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून तिकडच्या एका वाटेचं नावच 'रीपॅक' पडलं. १९७६ पासून तिथे शर्यती लागल्या. त्या पोरांनी तोड-मोड करत, आपटत-धोपटत आपल्या डोंगराला साजेशी सायकल घडवली. माउंटन बाइक जन्मली ती अशी, निव्वळ अनुभवातून. मग ती कारखान्यात गेली, तिथून जाहिरातीत, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी वडगाव बुद्रुकच्या एका मुलीच्या मोबाइलवर आली. डोंगर मात्र तिकडेच राहिला!

दुकानांबद्दल दोन शब्द. आम्ही दोघी आधी एका मोठ्या, झगमगीत दुकानात गेलो. तिथल्या मुलाने "आजी, तुम्ही बसा" म्हणून मला खुर्ची दिली, तेवढं त्याचं चांगलं. मग त्याने मुलीला गुलाबी रंगाच्या, टोपलीवाल्या सायकलींकडे नेलं. तिची उंची पाच फुटाला इंचभर कमी. ती उंची त्याने विचारली नाही. कुठून कुठे जायचं, विचारलं नाही. कुठला रंग आवडतो, ते विचारलं. मुलग्यांना गिअर विकायचे आणि मुलींना रंग, असा यांचा एकूण हिशेब दिसतो. टेस्ट राइड म्हणजे दुकानाच्या दारापासून विजेच्या खांबापर्यंत आणि परत. एवढ्यात कुठलीही नवी सायकल गोडच वाटते. घरी मागवली तर आणखी वेगळं, सायकल 'पंच्याऐंशी टक्के जोडलेली' येते. उरलेले पंधरा टक्के म्हणजे हँडल, पॅडल, सीट आणि पुढचं चाक. जिवाशी गाठ असलेला भाग तेवढा आपण जोडायचा.

मोबाइलवर सायकलींची परीक्षणं करणारी मुलं आहेत. त्यांचे बरेच व्हिडिओ मी मन लावून पाहिले, कारण मला खरंच शिकायचं होतं. काही चांगले आहेत. पण बहुतेक जण सायकल खोक्यातून काढल्याबरोबर मत देतात. अहो, सायकल पहिल्या दिवशी बोलतच नाही. ती बोलते पहिल्या पावसाळ्यानंतर. चाकाला आउट येतो का, ब्रेक पाण्यात धरतात का, छर्रे कुरकुरतात का, गेलेला सुटा भाग आपल्या चौकातल्या माणसाकडे मिळतो का, हे तेव्हा कळतं. टायरचंच बघा. 'सव्वीस इंची' असं दोन्हीवर लिहिलेलं असतं, पण जुन्या पद्धतीच्या बारीक सव्वीसच्या रिमवर जाड सव्वीसचा टायर बसत नाही, दोन्हींची मापं वेगळी. हे कुठल्या जाहिरातीत येणार?

इथे माझ्या वयाच्या मंडळींनाही थोडं ऐकवायचं आहे, रागावू नका. आमच्या निवृत्तांच्या गटात दर पंधरा दिवसांनी एक मजकूर फिरतो. ते जुनं पुणं, त्या काळ्या सायकली, डायनामोचा तो घरघरणारा दिवा, डबलसीट पकडणारे हवालदार, महापालिकेचा तो बिल्ला. वाचून सगळ्यांचे डोळे पाणावतात. माझेही पाणावतात. पण तो मजकूर म्हणजे अनुभव नव्हे हो, तीही एक जाहिरातच आहे, फक्त विकणारे आपण आहोत. त्या सायकली वीस किलोच्या होत्या. त्यांचे सळईचे ब्रेक पावसात धरायचे नाहीत, चपला घासून थांबावं लागायचं. सीटची उंची बदलायला गेलं तर खिळा गंजलेला असायचा. तेव्हा रस्त्यावर मोटारी कमी होत्या म्हणून आपले ब्रेक चालून गेले. आज सोळा वर्षांच्या मुलीला तीच सायकल देऊन सिंहगड रोडवर पाठवणं हा संस्कार नाही, निष्काळजीपणा आहे.

म्हणून मी त्या मुलीला काही सांगितलंच नाही. आमच्या चौकात एक सायकल दुरुस्तीवाले आहेत, चाळीस वर्षं त्याच झाडाखाली. ते जुन्या सायकली दुरुस्त करून विकतातही. त्यांच्याकडे गेलो तर मुलीला हवी तशीच, जाड टायरची, दोन शॉकरची सायकल त्यांच्याकडे एक नाही, चार उभ्या होत्या. सगळ्या वर्षभराच्या आत विकायला आलेल्या. कुठल्याही तज्ज्ञाच्या मतापेक्षा मला त्या चार सायकली जास्त बोलक्या वाटल्या. मी त्यांना म्हटलं, "काका, डिपॉझिट ठेवते, एकेक सायकल एकेक दिवस नेऊ द्याल का?" ते हसले. म्हणाले, "बाई, भाड्याचा धंदा बंद करून वीस वर्षं झाली. पण न्या."

जुलैचा पहिला आठवडा होता. पाऊस चालू. कॉलेज सुरू व्हायचं होतं, त्यामुळे उशीर झाला तरी हरकत नव्हती. ठरलं असं की तिने रोज एक सायकल घेऊन वडगावहून कॉलेजपर्यंत जायचं, त्याच वेळेला, पाठीवर दप्तरासह, आणि परत यायचं. मग माझ्याकडे येऊन सांगायचं. मी फक्त लिहून घेणार. (शिक्षकाची खोड!)

पहिल्या दिवशी जाड टायरची. परत आली ती मागून डोक्यापर्यंत चिखलाने भरलेली, कारण त्या सायकलीला मडगार्डच नव्हतं. मडगार्ड लावलं की ती हवेत उडणाऱ्या सायकलीसारखी दिसत नाही ना! कॅरिअर नाही, मागच्या शॉकरमुळे बसवताही येत नाही, म्हणून दप्तर पूर्ण वेळ पाठीवर. तिच्याच शब्दांत, "आजी, पॅडल मारलं की सायकल आधी खाली बसते आणि मग पुढे जाते." याहून नेमकं वर्णन मी कुठल्या परीक्षणात वाचलेलं नाही. शॉकर खड्ड्यासाठी असतो, पण हलक्या प्रतीचा असला की पायातला जोरच आधी पिऊन टाकतो. त्यात जाड, खाचेचे टायर डांबरावर घूं घूं करत राहतात आणि ओढतात. दांडेकर पुलाच्या सिग्नलला गिअर बदलताना चेन पडली. मागचा रिक्षावाला ओरडला. तिने सायकल उचलून फुटपाथवर घेतली तेव्हा तिला तिचं वजन कळलं. आम्ही नंतर भंगारवाल्याच्या ताणकाट्याला लावून पाहिलं, एकोणीस किलो. आमच्या त्या बदनाम काळ्या सायकलीपेक्षा किलोभरच कमी!

पण एक गोष्ट तिने न विचारता सांगितली, ती महत्त्वाची आहे. "ब्रेक मात्र एकदम भारी. पावसात पण लगेच थांबते." डिस्कचे ब्रेक. म्हणजे त्या जाहिरातीतली एक गोष्ट खरी होती, आणि तीही चालवल्यावरच कळली.

दुसऱ्या दिवशी गुलाबी, टोपलीवाली. त्याबद्दल ती फार बोलली नाही. गुडघे वर येतात, दप्तर टोपलीत ठेवलं की हँडल वळतं, सीट मऊ आहे पण राजाराम पुलापर्यंत पोचेस्तोवर बसवेना. (मऊ सीट थोड्या वेळासाठी बरी, लांब जायचं असलं की टोचते, हा माझाही अनुभव. इंग्लंडची ब्रूक्स कंपनी १८८० च्या दशकापासून कडक चामड्याच्या सीटा बनवते आहे आणि लांब पल्ल्याचे लोक अजून त्याच घेतात, ते काही हौस म्हणून नाही.)

तिसऱ्या दिवशी साधी, बिनगिअरची. ही माझ्या मनातली. चौदा-साडेचौदा किलो, मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर. चेन पडणार नाही, कपडे अडकणार नाहीत, काही बिघडलं तर दहा मिनिटांत दुरुस्त. ती गेली, आली, म्हणाली, "छान आहे." मग थोडं थांबून, "पण येताना चढावर उतरावं लागलं. घराकडचा रस्ता आहे ना, तिथे. आणि तिथे संध्याकाळी पोरं बसलेली असतात. तिथे मला उतरून चालायचं नाहीये."

माझ्या वहीत ही ओळ तशीच लिहिलेली आहे. पायात किती जोर लागतो याचा हिशेब मी केला होता. त्या चढावर कोण बसलेलं असतं, तो हिशेब तिचा होता, आणि तो कुठल्या कंपनीच्या किंवा बत्तीस वर्षं सायकल चालवलेल्या बाईच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं. तो तिचा रस्ता आहे.

चौथी सायकल काकांनी स्वतःहून काढली. कोणीतरी लॉकडाउनच्या वेळी हौसेने घेतलेली आणि बाल्कनीत उभी ठेवलेली. (२०२० साली सायकलींना अशी मागणी आली होती की दुकानांत माल मिळेना. आणि त्याच वर्षी ३ जूनला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनाला, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. काय म्हणावं!) तर ही सायकल मध्यम टायरची, शॉकर नाही, पुढे एकच चक्र आणि मागे सात. म्हणजे सातच गिअर, पण साती वेगळे. फ्रेम लहान मापाची. पॅडल अगदी खाली असताना टाच त्याच्यावर टेकवली की पाय सरळ होतो, एवढी सीट काकांनी बसवून दिली. ही एक युक्ती कोणीही घरी करून पाहा, गुडघेदुखीच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. तिने ती सायकल एक दिवस नेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा मागून नेली, आणि मग परत आणलीच नाही. साडेपाच हजार सायकलचे, सातशे मडगार्ड, कॅरिअर आणि कुलूप यांचे. ब्रेक डिस्कचे नाहीत, पण रबर चांगल्या प्रतीचे बदलून घेतले, तेवढा हट्ट मी धरला. भिशीतले अठराशे उरले, त्यांचं रेनकोट आणि दप्तर झालं. हप्ता नाही.

माझं मत विचाराल तर बिनगिअरचीच बरी होती, अजूनही तेच म्हणेन. सात गिअर म्हणजे सात भानगडी, आणि पावसाळ्यात ती मागची तार दोनदा तरी अडकणार. पण चालवायची तिला आहे.

बिहारमध्ये २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायची योजना सुरू झाली. त्यानंतर माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुली खरोखर वाढल्या, हे अभ्यासकांनी आकडे काढून दाखवलं. त्या सायकली अगदी साध्या होत्या. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की गावातल्या सगळ्या मुली एकदम सायकलवर दिसायला लागल्या. मग 'कुठली घेऊ' हे विचारायला मैत्रीण होती, पंक्चर काढायला दुकान होतं, आणि सायकलवरची मुलगी बघायची रस्त्याला सवय झाली. आपल्याकडे २०१७-१८ मध्ये पिवळ्या, केशरी भाड्याच्या सायकली आल्या होत्या, तेव्हा मला ते जुनं भाड्याचं दुकान परत आल्यासारखं वाटलं होतं. पण त्या कंपन्या लवकरच गाशा गुंडाळून गेल्या. त्या राहिल्या असत्या तर पुष्कळ लोकांची पुष्कळ चुकीची खरेदी वाचली असती. महापालिकेला किंवा एखाद्या हौशी दुकानदाराला जमेल का हो, चार-पाच जातींच्या सायकली ठेवायच्या, मापासकट, आणि आठवडाभर भाड्याने द्यायच्या? आवडली तर भाडं किमतीतून वजा. धंदाही होईल, असं मला तरी वाटतं. कोणाला असं दुकान ठाऊक असेल तर इथे जरूर लिहा.

भाच्या, तुझ्या तीन चित्रांबद्दल. तुझ्या लेकीची उंची तू लिहिली नाहीस, आणि तिची शाळा चढावर आहे की सपाटीला, तेही नाही. तिथे भाड्याने मिळत असेल तर दोन शनिवार-रविवार निरनिराळ्या सायकली आण, आणि तिच्यामागून तू मोटारीतून जाऊ नकोस, तूही सायकल घे. मग फोन कर.

आणि मावशींचा निरोप असा की दिवाळीनंतर त्यांच्या धाकट्याला सायकल घ्यायची आहे. तो सातवीत आहे. त्याला बहिणीची सायकल मुळीच आवडलेली नाही. त्याला जाड टायरचीच हवी आहे, लाल रंगाची. काकांना सांगून ठेवलं आहे.